अण्णांचा डावा

अण्णांचा डावा हात डावीकडेच होता, जेवताना उजव्या हाताने जेवत, त्यात काही घोळ नव्हता. घोळ फक्त गाडीच्या बाबतीत होता. आणि तोही असा, की अठरा वर्षं घरात एकाच माणसाला ठाऊक होता. ते माणूस म्हणजे त्यांची थोरली सून.

झालं होतं असं. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या कारखान्यात घालवली. गाड्यांचं वायरिंग करायचं, तेही फक्त पुढचं. सकाळी बॉनेटसमोर उभं राहायचं ते संध्याकाळपर्यंत. तिथे सगळेच गाडीकडे तोंड करून उभे, म्हणून सगळ्यांचा डावा म्हणजे आपल्या डाव्या हाताकडचा दिवा. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या माणसाला तो उजवा पडतो, हे पुढच्या खात्यातल्या लोकांना माहीत होतं, ते निमूट उलटं करून घेत. अण्णांशी कुणी त्यावर बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. मग कारखाना सोडून अण्णांनी स्वतःचं दुकान टाकलं आणि आपला डावा तिथून घरी घेऊन आले.

दुकान आणि थोरली, दोन्ही एकाच वर्षी आली. थोरला मुलगा मालाचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ही नवी नवरी घरात बसून करणार काय? अण्णा म्हणाले, "अगं, ये दुकानात, वायर धरायला तरी." आली वायर धरायला आणि वर्षभरात जोड मारायला लागली. अण्णा पुढच्या दिव्यांपासून वायरी ओढून डॅशबोर्डखाली आणून सोडत. वय झालेल्या डोळ्यांना रंगांचा भरवसा नव्हता, म्हणून पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून पेनाने एकीवर 'डा' लिहीत, दुसरीवर 'उ'. पुढे स्विचला जोडायचं काम थोरलीचं.

पहिलीच टॅक्सी संध्याकाळी परत आली. अण्णा चहाला गेले होते. टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, मी डावीकडे वळतो, दिवा उजवीकडचा लागतो. काय चाललंय काय?" थोरली खाली वाकली, चिठ्ठ्या वाचल्या, पुढे जाऊन बॉनेटसमोर उभी राहिली, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. तिने जोड उलटे केले आणि टॅक्सीवाल्याला सांगितलं, "माझीच चूक हो. नवीन आहे मी." तो गेला. अण्णा चहा पिऊन आले. ती काही बोलली नाही.

आणि त्यानंतर कधीच बोलली नाही. 'डा' लिहिलेली वायर उजव्याला, 'उ' लिहिलेली डाव्याला. तपासणीच्या वेळी अण्णा बॉनेटसमोर उभे राहून ओरडायचे, "डावा दे!" ही आत बसून स्विच उजवीकडे करायची. अण्णांच्या डाव्या हाताकडचा दिवा लुकलुकायचा. "शाबास! आता उजवा!" ही डावीकडे करायची. मागचे दिवे अण्णा बघतच नसत, मागे सगळा तिचाच कारभार. अठरा वर्षांत किती गाड्या झाल्या असतील, देव जाणे. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, आणि अण्णा सगळ्यांना सांगत फिरायचे, "माझं वायरिंग म्हणजे वायरिंग. डोळे झाकून वळा." थोरली टेप कापत ऐकायची आणि मनातल्या मनात हसायची. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला? म्हाताऱ्याची इतकी मोठी गोष्ट आपल्या मुठीत आहे आणि त्याला पत्ता नाही, याची तिला एक गोडी लागली होती. नवऱ्यालासुद्धा तिने सांगितलं नव्हतं.

आता गाडीचं सांगते. दुकानाच्या शेडमध्ये, मागच्या कोपऱ्यात, अण्णांची स्वतःची एक जुनी गाडी होती. गोल पाठीची, फुगलेल्या गालांची, फिकट हिरवी. तिच्या जमान्यात इंडिकेटर हा प्रकारच नव्हता. वळायचं झालं की काच खाली करा आणि हात बाहेर काढा. अण्णांनी ती भंगारातून आणली आणि वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी तिच्यात डोकं घालून बसले. इंजिन झालं, ब्रेक झाले, सीट शिवून झाली. थोरली जोडावर शिसं वितळवून पहिला झाळ मारायला शिकली त्या दिवशी अण्णा खुशीत येऊन म्हणाले होते, "ही चालू झाली ना थोरले, की हिचे इंडिकेटर तुझ्या हातचे. दुसऱ्या कुणाला शिवू द्यायची नाही."

हे वाक्य थोरलीने अठरा वर्षं उराशी धरून ठेवलं. अण्णा मात्र बोलले आणि विसरले. म्हाताऱ्या माणसांचं हे असंच असतं.

मग धाकटी आली. धाकट्या मुलाचं लग्न झालं, आणि सून आली ती टेक्निकल शाळेत दोन वर्षं हेच शिकून आलेली. ऑटो इलेक्ट्रिकल, सर्टिफिकेट वगैरे सगळं. आल्याच्या चौथ्या दिवशी दुकानात. आल्याच्या आठव्या दिवशी तिने कागदावर एका टेम्पोच्या वायरिंगचा नकाशा काढला, लाल-निळ्या पेनांनी, फ्यूजला फ्यूजची खूण, दिव्याला दिव्याची. अण्णांनी तो कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "वा गं वा! हे बघ थोरले, हे बघ. याला म्हणतात शिक्षण." आणि नकाशा भिंतीवर चिकटवला. चिकटवायला टेप थोरलीनेच कापून दिली.

त्यानंतर तिला सगळंच दिसायला लागलं. अण्णा चहाचा पहिला कप धाकटीपुढे सरकवतात. अण्णा धाकटीला विचारतात, "दमलीस का गं?" थोरलीला अठरा वर्षांत त्यांनी हे विचारलं असेल तर ते तिच्या लक्षात नव्हतं. एकदा धाकटी हॉर्न दुरुस्त करताना म्हणाली, "अण्णा, हा हॉर्न नाही, हा खोकला आहे." अण्णा इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. अरे! हाच विनोद थोरलीने अकरा वर्षांपूर्वी केला होता, त्याच शेडमध्ये, जवळजवळ याच शब्दांत, आणि तेव्हा अण्णा म्हणाले होते, "लक्ष दे कामात."

थोरली वाईट बाई नव्हती. धाकटीच्या दाढेला कळ आली तेव्हा तिने तिला डॉक्टरकडे नेलं, स्वतःच्या हाताने पेज भरवली. पण धाकटी दुकानात पाऊल टाकायची आणि हिचा तिळपापड सुरू व्हायचा. त्यातून धाकटी स्वभावाने गोड. "ताई, हे कसं करता तुम्ही? मला शिकवा ना." एखादी खाष्ट असती, उर्मट असती तर थोरलीला किती सोयीचं झालं असतं! उघड भांडता आलं असतं. गोड माणसाचा राग करायचा म्हणजे आपल्यालाच खाली मान घालावी लागते, आणि त्याचा पुन्हा वेगळा राग येतो.

आणि मग एका सकाळी अण्णांनी हिरव्या गाडीवरची ताडपत्री काढली.

"झाली एकदाची," ते म्हणाले. "आता फक्त इंडिकेटर."

थोरलीने हात पुसले. एप्रन नीट केलं. दोन पावलं पुढेसुद्धा आली ती.

"धाकटे," अण्णा म्हणाले, "ही तू कर. पुढच्या वायरी मी ओढून ठेवल्यात, चिठ्ठ्या लावल्यात. पुढचं सगळं तुझ्या डोक्याने. नकाशा काढ, मोठा काढ. थोरले, तू त्या ट्रकवाल्याचा हॉर्न बघ, तो कधीचा बसलाय बिचारा."

थोरली ट्रकवाल्याचा हॉर्न बघायला गेली. तिने तो इतका जोरात वाजवून पाहिला की शेजारच्या सलूनमधल्या न्हाव्याचा हात हलला आणि तिथून शिव्या ऐकू आल्या.

दोन दिवस धाकटी त्या गाडीत होती. खरं सांगायचं तर काम तिने चांगलं केलं. स्टिअरिंगला स्विच बसवला, दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर बसवला, मागे सुबक गोल दिवे लावले. पण पुढचा एक दिवा नीट लागेना. मिणमिण करायचा, झोपेतून उठल्यासारखा. धाकटीने बल्ब बदलला, जोड पुन्हा मारला, नकाशा तीनदा तपासला. थोरलीला लांबूनच कळलं होतं: दिव्याच्या पट्टीखाली अण्णांनी दिलेला रंग जाड बसलाय, पत्र्याला पट्टी टेकतच नाही, अर्थिंग मिळणार कुठून? चाकूने चार वेळा खरवडलं की झालं. ती तिथेच स्टुलावर बसून टेप गुंडाळत राहिली. चाकू तिच्या खिशात होता.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" धाकटीने विचारलं.

"मला बाई काय कळतं नकाशातलं," थोरली म्हणाली.

दुपारी धाकटीला स्वतःच सुचलं. तिने रंग खरवडला आणि दिवा लख्ख झाला. अण्णांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "मला सुचलं नसतं, बघ!" ते म्हणाले. थोरलीच्या अंगाची नुसती लाही झाली. म्हणजे गप्प बसूनही हिचाच फायदा! बोलले असते तर निदान शाबासकी मला मिळाली असती, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची तिला जराशी लाजही वाटली. जराशीच.

चार वाजता तपासणी.

गाडी शेडमध्ये पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. धाकटी आत बसली. अण्णा बॉनेट आणि भिंत यांच्यामध्ये उभे राहिले, गाडीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून. "थोरले, तू मागे बघ."

थोरली मागे जाऊन उभी राहिली.

"डावा दे!" अण्णा ओरडले.

धाकटीने स्विच डावीकडे केला. तिच्यासाठी डावा म्हणजे डावा, शाळेत तिला दुसरा डावा कुणी शिकवलाच नव्हता. फ्लॅशर टिकटिक करू लागला. मागचा डावा दिवा थोरलीच्या पुढ्यात लुकलुकला. आणि त्याच क्षणी, गाडीच्या पलीकडे, पांढऱ्या भिंतीवर पिवळा उजेड पडला तो उजवीकडे.

"शाबास!" अण्णा म्हणाले. दिवा त्यांच्या डाव्या हाताकडे लागला होता. "आता उजवा!"

मागचा उजवा लागला. भिंतीवर उजेड डावीकडे पडला.

"बिनचूक!" अण्णा टाळ्या वाजवायचे तेवढे राहिले. "मागे काय गं, थोरले?"

मागे सगळं बरोबर होतं. चूक पुढे होती. धाकटीने 'डा' ची वायर डाव्याला जोडली होती, जशी कुणीही शहाण्या माणसाने जोडली असती. अण्णांनी अण्णांच्या रीतीने पाहिलं, धाकटीने धाकटीच्या रीतीने दाबलं, आणि दोघांच्या रीती एकमेकींना अशा चपखल बसल्या, की चूक दोघांनाही दिसेना. ती फक्त मागे उभ्या असलेल्या बाईला दिसली.

"मागे बरोबर आहे," थोरली म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना. सांगणार काय? धाकटीची चूक सांगायची तर अण्णांचा डावा उलटा आहे हे आधी सांगावं लागणार. अठरा वर्षं झाकलेलं उघडं पाडायचं, आणि तेही नव्या सुनेसमोर! म्हाताऱ्याला काय वाटेल? असं तिने मनाशी घोळवलं, आणि कारण चांगलं होतं म्हणून तिला बरंही वाटलं. पण मनाच्या तळाशी दुसरंच शिजत होतं: होऊ दे. कळू दे एकदा, सर्टिफिकेटने गाड्या चालत नाहीत ते. रस्त्यावर कुणीतरी काच खाली करून चार शब्द सुनावेल, अण्णांचं तोंड उतरेल, आणि मग ते मागे वळून म्हणतील, थोरले, तू असतीस तर असं झालं नसतं.

संध्याकाळी एकदा तिचा विचार बदललाही. दहा मिनिटांचं काम, डॅशबोर्डखाली वाकायचं, दोन जोड सोडून उलटे करायचे. पक्कड घेऊन ती गाडीपाशी गेली. गाडीला कुलूप. चावी कुठे? अण्णांनी कौतुकाने धाकटीला दिलेली, आणि धाकटीने ती आपल्या चाव्यांच्या जुडग्यात घालून टाकलेली. मागितली असती तर तिने हसत दिली असती. पण त्या गाडीची चावी धाकटीकडे मागायची? थोरलीने पक्कड खिशात घातली आणि घरी गेली.

सकाळी अण्णा धुतलेला सदरा घालून आले. धाकटी त्यांच्या शेजारी बसली.

"पंपावर जाऊन तेल भरून येतो," अण्णा म्हणाले. "आज हात बाहेर काढायचा नाही म्हणजे नाही. साहेबासारखं वळायचं! थोरले, दुकान बघ गं."

गाडी निघाली. दुकानापासून गल्लीचं तोंड चाळीस पावलांवर, तिथून मोठा रस्ता, आणि जरा पुढे, समोरच्या बाजूला, पेट्रोल पंप. पंपावर जायचं तर समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं वळावं लागतं. थोरलीला हे वळण वर्षानुवर्षं माहीत होतं, पण आज सकाळी पहिल्यांदा दिसलं. कुणीतरी चार शब्द सुनावेल, इतपतच तिने मनात चित्र काढलं होतं. समोरच्याने ब्रेक दाबलाच नाही तर, हे त्या चित्रात नव्हतं. आणि मग ती पळत सुटली.

चप्पल गल्लीतच राहिली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत हिरवी गाडी पंपासमोर पोचली होती, मागचा दिवा पंपाच्या दिशेने अगदी बरोबर लुकलुकत होता. आणि समोरून पावाची व्हॅन येत होती, भरधाव.

"अण्णा!" थोरली ओरडली. "हात काढा! हात काढा बाहेर!"

अण्णांना हाक ऐकू आली असावी. त्यांनी मान जराशी मागे वळवली, आणि वळता वळताच स्टिअरिंगही वळवलं. व्हॅनवाल्याला दिसत होतं ते असं, की ही म्हातारी गाडी पंपाच्या उलट बाजूला, कडेला जाणार. त्याने वेग कमी करायचं काही कारणच नव्हतं. मग टायरांचा असा आवाज झाला की रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली.

थोरलीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा व्हॅन आडवी उभी होती आणि तिचा बंपर हिरव्या गाडीच्या दारापासून वीतभर लांब होता. वीतभर, जास्त नाही. त्या दाराच्या आत धाकटी होती.

थोरली पोचली तोवर सगळे खाली उतरले होते. धाकटीचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं होतं, टेंगूळ यायला लागलं होतं. अण्णांचा चष्मा पायाशी पडला होता. घाबरलेला माणूस ओरडतो तसा व्हॅनवाला ओरडत होता.

"आजोबा, दिवा एकीकडे दाखवता आणि वळता दुसरीकडे? जीव घ्यायचाय का कुणाचा?"

"शक्य नाही," अण्णा म्हणाले. "मी स्वतः तपासलंय. डावा तो डावा, उजवा तो उजवा."

"या ना मग इकडे! बघा स्वतःच्या डोळ्यांनी!"

फ्लॅशर अजून टिकटिकत होता. धाकटी गाडीच्या पुढे गेली. तिने दिवा पाहिला. आत डोकावून स्विच पाहिला. मग पुन्हा पुढे आली, अण्णा काल उभे होते तशी उभी राहिली, गाडीकडे तोंड करून, आणि आपल्या दोन्ही हातांकडे तिने पाहिलं. थोरलीला तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं, अगदी पहिल्या टॅक्सीच्या दिवशी आपल्या चेहऱ्यावर उमटलं असेल तसंच. कळलं पोरीला. हुशारच होती.

धाकटीने अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाली वाकून चष्मा शोधत होते.

"माझंच चुकलं, अण्णा," धाकटी म्हणाली. "घाईत मीच उलट्या जोडल्या. माफ करा हो भाऊ, नवीन आहे मी."

आणि थोरलीच्या मस्तकात जी काय तिडीक गेली म्हणता! हे माझं होतं. चहाचा कप घे, शाबासकी घे, गाडी घे, चावी घे. पण अण्णांना झाकणं हे माझं काम होतं, हे वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द माझा होता. अठरा वर्षं जपलेली जागा, आणि ही टेंगूळ आलेल्या कपाळाने एका मिनिटात तिथे जाऊन बसली!

"हिचं काहीएक चुकलेलं नाही," थोरली मोठ्याने म्हणाली.

खरं बोलायची ऊर्मी आली म्हणून नव्हे हो. ती जागा धाकटीला मिळू द्यायची नव्हती, म्हणून ती बोलली.

"हिने चिठ्ठी वाचून जोडलं, बरोबर जोडलं. अण्णा, तुमचा डावा उलटा आहे. तुम्ही समोर उभं राहून डावा म्हणता, गाडीचा तो उजवा असतो. पहिल्या टॅक्सीपासून उलटा आहे. मी बदलून जोडत आले म्हणून कुणाला कळलं नाही."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "राहू द्या ना."

अण्णांनी चष्मा घातला. एक काच तडकली होती. त्यांनी गाडीकडे तोंड केलं, डावा हात उचलला, उजवा उचलला, आणि मग पाठ फिरवून पुन्हा दोन्ही हात उचलले.

"सगळ्या गाड्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"आणि तपासताना, मी डावा दे म्हणायचो तेव्हा?"

"उजवा द्यायचे."

अण्णांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे काल तू मागे उभी होतीस, तेव्हा तुला दिसलं."

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. भिंतीवरचा उजेड आणखी कुणी पाहिला होता?

"दिसलं," ती म्हणाली.

"आणि तरी हिला बसू दिलंस."

अण्णा गाडीत जाऊन बसले. त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि गाडी हळूहळू दुकानापर्यंत आणली. दोघी मागून चालत आल्या. वाटेत धाकटीने थोरलीची चप्पल उचलून तिच्या पुढ्यात ठेवली.

घरात यावर चकार शब्द निघाला नाही. ना आरडाओरडा, ना बोलणी. थोरली रडारडीच्या तयारीने बसली होती, पण तिला कुणी रडायला कारणच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा अण्णांनी टेपची गुंडाळी आणि पेन तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"चिठ्ठ्या इथून पुढे तुम्ही लिहा," ते म्हणाले.

थोरलीने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, कुणी गिऱ्हाईक आलंय. अण्णा गिऱ्हाइकांना अहो-जाहो करत.

मागे कुणी नव्हतं.

"जोडायचं कसं तेही तुम्हीच ठरवा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं," अण्णा म्हणाले, आणि वायरी ओढायला बॉनेटकडे गेले. बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तो कधीतरी विरला असता. म्हाताऱ्याने खरोखरच मनापासून मान दिला होता, आणि मान देताना तो एक पाऊल मागे सरकला होता, तो पुन्हा पुढे आला नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. "तुम्ही चहा घ्या." "तुम्हाला वेळ झाला की बघा." गिऱ्हाईक आलं की थोरलीकडे बोट दाखवून म्हणायचे, "त्यांना विचारा, दुकान त्यांचंच आहे." आणि दुसऱ्या कोपऱ्यात धाकटीला, "अगं ए, ती पक्कड टाक इकडे. काय गं हा गुंता करून ठेवलायस, वेंधळी कुठली!"

एका दुपारी अण्णा जेवायला गेले होते. दोघी एका जुन्या बसखाली शेजारी शेजारी आडव्या पडून वायर बांधत होत्या. धाकटीचा चेहरा जरा उतरलेला होता. थोरलीने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही हो ताई." पण तिला राहवेना. "तुम्हाला अण्णा किती मान देतात! तुम्ही काय, तुम्हाला काय. आणि मला बघा, सारखं आपलं अगं-तुगं, वेंधळी आणि काय काय. सर्टिफिकेट घेऊन आलेय मी. खरं सांगू? कधीकधी तुमचा इतका हेवा वाटतो ना मला."

थोरलीच्या हातातली वायर तशीच राहिली. वर बसचा गंजका पत्रा होता, त्याच्याकडे ती बघत राहिली.

"घे की सगळा मान," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता घे. मला फक्त तुझं ते अगं दे."

धाकटी खळखळून हसली. तिला वाटलं, ताई थट्टा करतायत.